आटे गेले, आता काय?

मित्रांनो, दर आठवड्याला या पानावर आपण एखादं यंत्र उघडतो, आत डोकावतो आणि पुन्हा नीट बंद करतो. आज मात्र आपण एक बिघडलेलं काम हातात घेणार आहोत. ते बिघडलं कसं, तर दुरुस्त करता करता, आपल्याच हातांनी!

असं कुणाचं होत नाही? सायकलची चेन काढता काढता कडी तुटते, घड्याळ उघडलं की एक स्क्रू जास्तच उरतो. पण हेच गाडीच्या इंजिनात झालं, तर पोटात गोळा येतो. म्हणून आज एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत सोडवू.

समजा, तुम्ही हिंगोली जिल्ह्यात वसमतला राहता. अंगणात बाबांची जुनी मारुती ८०० उभी आहे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. तरी गावोगावी कुणाच्या तरी दारात ती अजून दिसतेच. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर, म्हणून तीन स्पार्क प्लग. रविवारची सकाळ आहे. गाडी चालू व्हायला कुरकुर करते म्हणून तुम्ही आणि दादा प्लग साफ करायला बसलात. दोन प्लग निघाले, घासले, परत बसले. तिसरा बसवताना पहिल्याच फेऱ्याला घट्ट लागला. "घाण अडकली असेल," म्हणून दादानं पान्यावर जोर दिला. कर्र असा आवाज आला आणि मग पाना एकदम मऊ फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय, पण प्लग काही आवळत नाही! बाहेर काढून पाहिला, तर त्याच्या आट्यांत चकचकीत पांढऱ्या धातूची बारीक तार गुंडाळलेली. ती तार म्हणजे काय? इंजिनच्या हेडचे आटे. ते भोकातून सोलून प्लगबरोबर बाहेर आले.

बाबा शेतात गेलेत, तासाभरात येतील. उद्या सोमवारी आजीला डोळे दाखवायला नांदेडला न्यायचं ठरलंय.

आता काय कराल? लगेच उत्तर देऊ नका. आधी झालं काय ते समजून घेऊ.

आटे म्हणजे गुंडाळलेला चढ

एक काटकोन त्रिकोणी कागद कापा. त्याची तिरपी बाजू रंगीत पेनानं रंगवा आणि उभ्या बाजूपासून सुरुवात करून तो पेन्सिलीवर गुंडाळा. रंगीत रेघ पेन्सिलीभोवती गोल गोल चढत जाताना दिसेल. हाच झाला आटा! आटा म्हणजे दुसरं काही नाही, गोल गुंडाळलेला चढाचा रस्ता.

चढ जितका सौम्य, तितकं ओझं वर नेणं सोपं. पुष्कळ गाड्यांच्या प्लगचा व्यास १४ मिलिमीटर असतो आणि एका पूर्ण फेऱ्यात तो फक्त सव्वा मिलिमीटर आत सरकतो. तुमचा पाना २० सेंटिमीटर लांबीचा असेल, तर तुमचा हात एका फेऱ्यात सव्वाशे सेंटिमीटर फिरतो. हात सव्वाशे सेंटिमीटर, प्लग सव्वा मिलिमीटर. म्हणजे हिशेबानं जोर हजारपट व्हायला हवा. त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग घर्षण खाऊन टाकतं. तरीसुद्धा पान्यावर दहा-बारा किलोचा जोर दिला, तर आट्यांवर शेकडो किलोंचा ताण पडतो.

आता दुसरी गोष्ट. प्लगचं अंग पोलादाचं, पण हेड अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम हलकं असतं, उष्णता झटकन वाहून नेतं, म्हणून हेडला ते उत्तम. पण पोलादापुढं ते मऊ. प्लग जरासा तिरका घातला, तर त्याचे आटे हेडच्या आट्यांच्या वाटेनं न जाता आडवी वाट कापत जातात. पोलादाला काही होत नाही. सोललं जातं ते अॅल्युमिनियम. दादाला पहिल्या फेऱ्यात जो घट्टपणा लागला, तो घाणीचा नव्हता. चुकीच्या वाटेला लागल्याची ती पहिली सूचना होती.

आटे जाण्याचं आणखी एक कारण जुन्या यंत्रांत भेटतं. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसायचा नाही. १८४१ साली इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं. त्यांच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. इंचाचा बोल्ट मिलिमीटरच्या भोकात "बसतोय की जवळजवळ" म्हणून दामटला, की आटे गेलेच म्हणून समजा.

भोक लहान, काम मोठं

"एवढ्याशा भोकाचं काय मोठंसं?" असं वाटतं ना? मग एक गणित करू.

गाडी भरलेली आहे, चढ चढते आहे. पेट्रोलचा भडका उडतो त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या चाळीसपट, कधी त्याहून जास्त असतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण ४० किलोचा रेटा. १४ मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार करा. जवळजवळ ६० किलो! हळदीचं ५० किलोचं पोतं आठवा, त्याहून जड. एवढा धक्का प्लगला आतून बाहेर ढकलत असतो.

आणि एकदाच नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एक भडका होतो. मिनिटाला १५००, म्हणजे सेकंदाला २५ धक्के. हे सगळे धक्के कोण अडवतं? तेच बारीक आटे.

शिवाय प्लगची उष्णतासुद्धा आट्यांतून आणि बैठकीतून हेडमध्ये जाते. आटे ढिले असतील, तर प्लग जास्त तापतो आणि फटीतून तापलेला वायू निसटायला लागतो. ढिला प्लग कधीतरी बंदुकीच्या गोळीसारखा सुटून बॉनेटवर आदळतो. तेव्हा बॉनेट उघडं असेल आणि कुणी वाकून बघत असेल तर?

म्हणून "तसाच दाबून बसवू, बाबांना कळणार नाही," हा विचार मनात आला असेल, तर तो इथंच खोडा. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण खरी, पण इंजिनला ती लागू नाही. तिथं झाकलेली चूक सेकंदाला पंचवीस वेळा दार वाजवते.

पहिलं काम: हात थांबवा

मोडल्यावर पुढच्या पाच मिनिटांत माणूस जे करतो, त्यानंच पुष्कळदा मूळ नुकसानीपेक्षा मोठं नुकसान होतं. म्हणून ही चार कामं करा.

एक, पाना खाली ठेवा. "अजून एकदा बघू" नको.

दोन, गाडी चालू करू नका. धातूचे तुकडे सिलिंडरमध्ये पडले असतील, तर पिस्टन वरखाली होताना सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीला ओरखडे पाडतील. चुकून कुणी चावी फिरवू नये म्हणून चावी काढून ठेवा.

तीन, भोकावर स्वच्छ कापड झाका. तार गुंडाळलेला प्लग धुऊन टाकू नका, तसाच डबीत ठेवा. डॉक्टरला जसा जखमेचा इतिहास लागतो, तसा मिस्त्रीला तो प्लग लागतो. किती आटे सोलले, कुठून सोलले, हे त्यावरून कळतं.

चार, सांगा. "बाबा, तिसऱ्या प्लगचे आटे आमच्याकडून गेले. गाडी चालू केली नाही. प्लग जपून ठेवलाय." एवढी तीन वाक्यं पुरेत.

१९६९ च्या जुलै महिन्यातली एक गोष्ट सांगतो. अपोलो ११ मधून नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. चांद्रयानाच्या अरुंद खोलीत पाठीवरची मोठी पेटी घेऊन वावरताना एका बटणाची टोपी तुटली. कुठलं बटण? चंद्रावरून परत निघायचं इंजिन सज्ज करणारं! तुटका तुकडा खाली पडलेला दिसला. त्यांनी ते ह्यूस्टनच्या केंद्राला कळवलं आणि तिथले तज्ज्ञ विचाराला लागले. शेवटी ऑल्ड्रिननी खिशातलं स्केचपेनसारखं पेन त्या जागी दाबलं. बटण आत गेलं आणि दोघं चंद्रावरून निघाले. युक्ती साधीच होती. पण तिच्याआधी त्यांनी काय केलं, ते लक्षात ठेवा. मोडलं ते पाहिलं आणि लगेच सांगितलं. घाईघाईत बोट घालून पाहिलं नाही.

दुरुस्तीचा जिना

बाबा आले. ओरडलेही थोडे. मग सगळे मिळून बॅटरी लावून भोकात बघायला लागले. आता पर्याय कोणते? ते जिन्यासारखे मांडू. खालच्या पायरीला काम कमी आणि पुन्हा मागं फिरणं सोपं. वरच्या पायरीला काम जास्त आणि मागं फिरणं अवघड.

पहिली पायरी: आटे साफ करणं. सुरुवातीचा एखाद-दुसराच आटा चेपला असेल आणि आतले शाबूत असतील, तर मिस्त्री योग्य मापाचा टॅप अलगद फिरवून चेपलेला आटा सरळ करतो. धातू जवळजवळ काढावाच लागत नाही. फक्त टॅपसुद्धा चुकीच्या वाटेनं जाऊ शकतो, म्हणून हे काम सवयीच्या हाताचं.

दुसरी पायरी: बुश किंवा कॉइल बसवणं. आटे पूर्ण गेले असतील, तर भोक थोडं मोठं करतात, त्यात नवे मोठे आटे पाडतात आणि आत पोलादी बाही बसवतात. या बाहीच्या आतल्या बाजूला जुन्याच मापाचे आटे असतात. यालाच लेथवाले बुश म्हणतात. दुसरा प्रकार हेलिकॉइलचा. ती स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग असते, पण तार गोल नसून चौकट राजासारख्या छेदाची असते, म्हणून आत आणि बाहेर दोन्हीकडे आटे तयार होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या अॅल्युमिनियम इंजिनांत अशा कॉइल पुष्कळ वापरल्या गेल्या. ही तडजोड नाही बरं का! नीट बसवलेली बाही मोठ्या व्यासात अॅल्युमिनियमला धरते आणि आतले आटे पोलादाचे होतात. त्यामुळे दुरुस्त भोक मूळच्यापेक्षा पक्कं होऊ शकतं. स्पार्क प्लगला कॉइलपेक्षा अखंड बुश बरा, कारण प्लग वारंवार काढावा लागतो आणि काढताना कॉइल त्याच्याबरोबर बाहेर येण्याची भीती असते.

तिसरी पायरी: भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा पाडणं. हेड काढून आर्गन वेल्डिंगनं भोक बुजवतात, मशिनवर सपाट करतात आणि नवे आटे पाडतात. अॅल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि तापलं की वाकडं होण्याची भीती असते. म्हणून नंतर हेडची सपाटी तपासावीच लागते.

चौथी पायरी: हेडच बदलणं. नवं किंवा जुन्या बाजारातलं. नवं महाग. जुनं स्वस्त, पण ते कुठल्या गाडीतलं, किती तापलेलं, त्याला चीर आहे का, हे कुणी सांगायचं?

आणि या जिन्याच्या बाहेर एक खड्डा आहे. दोन ट्यूबांचा लगदा कालवून प्लग चिकटवणं, आट्यांना दोरा किंवा टेप गुंडाळणं, मोठा प्लग ठोकून बसवणं. साधा चिकट लगदा प्लगच्या उष्णतेत मऊ पडतो. टेपमुळे प्लग आणि हेड यांच्यात पडदा येतो. ठोकलेला प्लग हेडला चीर पाडतो. स्वस्तातलं वाटणारं हे काम आगीतून फुफाट्यात नेतं.

पाच प्रश्न

जिना तर कळला. पण कुठल्या पायरीवर थांबायचं? त्यासाठी वहीत पाच प्रश्न लिहा.

१) नेमकं किती मोडलंय? अंदाजानं नाही, बघून. बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घ्या.

२) हा भाग काय सोसतो? ताण, उष्णता, की नुसतंच झाकण आहे?

३) दुरुस्ती फसली तर काय होईल? गाडी फक्त बंद पडेल, की कुणाला इजा होईल?

४) हे करून फसलं, तर वरची पायरी शिल्लक राहते का?

५) पैसे किती, दिवस किती, आणि करणारा कोण?

आता आपल्या गाडीला लावून पाहू. आटे पूर्ण सोललेत, म्हणजे पहिली पायरी बाद. भाग ताण आणि उष्णता दोन्ही सोसतो, म्हणून चिकटवाचिकटवी बाद. भोकाभोवती चीर दिसत नाही, पूर्वी कधी बुश बसवलेला नाही, गाडी तापण्याची तक्रार नाही. म्हणजे दुसरी पायरी शक्य आहे. ती फसलीच, तर तिसरी आणि चौथी शिल्लक आहेत. उलट पहिल्यांदाच हेड बदललं, तर एका भोकासाठी सगळा खर्च झाला आणि जुन्या हेडची खोडी घरात आली ती वेगळीच.

मग बुश! पण हेड काढून की जागेवरच? जागेवर केलं, तर वेळ आणि हेड गॅस्केटचा खर्च वाचतो. मात्र टॅप फिरवताना पडणारा भुगा सिलिंडरमध्ये जाण्याचा धोका. म्हणून मिस्त्री टॅपच्या खाचांत ग्रीस भरतात. भुगा ग्रीसला चिकटतो. दोन-तीन फेरे झाले, की टॅप काढून पुसायचा, पुन्हा ग्रीस लावायचं. हेड काढलं, तर भुग्याची भीती नाही, भोक सरळ पाडता येतं आणि आतली बाजू नीट बघता येते, पण काम वाढतं. करणारा हात सरावाचा असेल आणि भोकापर्यंत टॅप सरळ पोचत असेल, तर जागेवरच करणं चालेल. तसा हात गावात नसेल, तर हेड काढून लेथवाल्याकडे नेणं चांगलं. इथं पाचवा प्रश्न निर्णय करतो. आणि हा निर्णय तुमचा-दादाचा नाही, तो बाबा आणि मिस्त्री मिळून घेतील. तुम्ही पाच उत्तरं तयार ठेवा, म्हणजे मिस्त्रीकाकांसमोर बोलायला तोंड राहील.

पण सोमवारचं काय? आजीला नांदेडला न्यायचंय ना! बघा, दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. "हेड कसं दुरुस्त करायचं" हा एक, आणि "आजी नांदेडला कशी जाईल" हा दुसरा. दोन्ही एक समजलं, की रात्रीतून काहीतरी थातूरमातूर करावंसं वाटतं. वेगळे केले, की दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: एसटी. गाडीला तिचा वेळ मिळतो आणि आजीचे डोळेही वेळेवर तपासले जातात.

आता अट बदलून पाहा, उत्तरही बदलेल. पहिलाच आटा चेपला असता, तर पहिली पायरी पुरली असती. प्लगच्या भोकापासून व्हॉल्वच्या बैठकीपर्यंत चीर गेलेली दिसली असती, तर बुशचा विचारच सोडून हेड बदलावं लागलं असतं. आणि आटे ब्रेकच्या किंवा स्टिअरिंगच्या भागाचे गेले असते तर? तिथं घरगुती जिना नाहीच. गाडी जागेवरून हलवायची नाही, जाणत्या मिस्त्रीला बोलवायचं आणि तो भागच नवा घालायचा. कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'जीव' असं येतं.

तात्पुरती दुरुस्ती वाईटच का?

नाही! तिचंही एक शास्त्र आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या ओळखीचं आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभारायची ठरली आहे. दूर अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी तिला चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू असणार आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले.

तिची एक बहीण इटलीत पिसा शहराजवळ आहे, नाव व्हर्गो. तिच्यातले ४२ किलोचे आरसे प्रत्येकी चार काचधाग्यांवर टांगलेले असतात. धागा किती जाड? ०.४ मिलिमीटर! यंत्राची सुधारणा चालू असताना हे धागे तुटू लागले. शोध घेतला तेव्हा कळलं, की निर्वात नळीत हवा सोडताना उडणारे धुळीचे कण धाग्यांवर आपटत होते.

शास्त्रज्ञांपुढं तुमच्यासारखाच प्रश्न! सगळं थांबवून धुळीचा बंदोबस्त करायचा, तर अमेरिकेतल्या दोन लायगोंबरोबर एकत्र निरीक्षण करायची संधी हुकणार. त्यांनी तात्पुरत्या पोलादी तारा लावल्या. तारांमुळे यंत्राचे कान थोडे मंद झाले, पण १ ऑगस्ट २०१७ ला व्हर्गो निरीक्षणात सामील झालं. १४ ऑगस्टला तिन्ही यंत्रांनी मिळून दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर टिपली. १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर कळली, आणि ती आकाशात कुठं झाली हे शोधायला व्हर्गोची मोठी मदत झाली. पुढं २०१८ मध्ये धुळीचा बंदोबस्त करून काचेचे धागे पुन्हा बसवले.

इथं तात्पुरती दुरुस्ती योग्य का ठरली? ती तात्पुरती आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. ती कधी काढायची, हे ठरलेलं होतं. आणि ती फसली असती, तरी कुणाला इजा होणार नव्हती. या तीन अटी आपल्या चिकटवलेल्या प्लगला लावून बघा. एक तरी पास होते का?

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, मुलानं काही मोडलं की पहिला शब्द रागाचा निघतो, ते साहजिक आहे. पैसे झाडाला लागत नाहीत. पण ज्या घरात मोडल्याबरोबर फटका बसतो, तिथं पुढच्या वेळी मूल सांगत नाही, लपवतं. आणि लपवलेला ढिला प्लग फटक्यापेक्षा महाग पडतो. म्हणून आधी विचारा, "गाडी चालू केली होती का?" मग बघा, काय मोडलंय. रागवायला संध्याकाळ मोकळी आहेच. जमलं, तर मुलाला मिस्त्रीकडे सोबत न्या. बुश बसताना डोळ्यांनी पाहिलेला मुलगा किंवा मुलगी पुढच्या वेळी पान्याला जपून हात लावते. आणि इंजिनचं काम मुलांनी एकट्यानं करायचं नाही, हा नियम मात्र पक्का ठेवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

काम करताना मोठं माणूस जवळ असू द्या. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या अॅल्युमिनियममधून प्लग काढताना आटे लवकर सोलतात. प्लगच्या भोवतीची धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती सरळ आत पडेल.

प्लग बसवताना पाना सगळ्यात शेवटी. मिस्त्री लोकांची एक छान युक्ती आहे. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवायचा आणि नळीनंच प्लग फिरवायचा. आटे बरोबर वाटेला लागले, तर प्लग सरसर जातो. तिरके लागले, तर नळीच घसरते आणि हेड वाचतं! आधी उलटा फेरा द्या. 'टक' असं जाणवलं, की आट्याचं तोंड सापडलं. मग सरळ फिरवा. हाताला टेकला, की मग पाना. वॉशरचा नवा प्लग असेल, तर टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. आधी वापरलेला असेल, तर त्याहून पुष्कळच कमी. आपल्या गाडीचं नेमकं माप गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते बघून घ्या.

ही 'टक' शिकायला गाडी लागत नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या. डोळे मिटून ते उलटं फिरवा आणि 'टक' ऐका. मग मुद्दाम तिरकं घालून दोन बोटांनी सरळ फिरवा. पहिल्या पाव फेऱ्यातच झाकण अडतं, ते बोटांना कसं लागतं? तोच घट्टपणा दादाला लागला होता. दहा वेळा करा, म्हणजे बोटांच्या लक्षात राहील.

आता या आठवड्याचं काम. घरात मोडलेली एखादी वस्तू शोधा. पंखा, सायकल, मिक्सर, कुलूप, काहीही चालेल. तिला वीज जोडलेली नसावी. ती उघडू नका, फक्त पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा आणि कुठली पायरी निवडाल ते कारणासकट सांगा. मग जवळच्या लेथवाल्याकडे किंवा मिस्त्रीकडे मोठ्या माणसाबरोबर जाऊन विचारा, "काका, तुम्ही काय कराल?" त्यांचं उत्तर तुमच्याहून वेगळं आलं, तर का, तेही विचारा. दोन्ही उत्तरं एका कागदावर लिहून आम्हाला पाठवा.

पुढच्या आठवड्यात आपण हळद पॉलिश करणारा ढोल उघडणार आहोत. शेतात ज्यांनी तो फिरताना पाहिलाय, त्यांनी एक गोष्ट आठवून ठेवा: आतली हळकुंडं एकमेकांवर घासतात, की ढोलाच्या भिंतीवर?